भेंडी लावा, पण कपाशीसारखी नको



कापसाचा भाव पडला की सल्ल्यांचे पीक जोमात येते. बोंडे फुटायच्या आधीच कोणी साहेब, कोणी पुढारी, कोणी टीव्हीवरचा तज्ज्ञ सांगू लागतो की कोरडवाहू शेतकऱ्याने आता कापूस-ज्वारीच्या नादी लागू नये, भाजीपाल्याकडे वळावे. सल्ला देणाऱ्याची विहीर कधी आटत नाही, कारण त्याला विहीरच नसते. तरीही हा सल्ला चेष्टेवारी उडवून लावावा असे आम्हाला वाटत नाही. ज्याच्या विहिरीला फाल्गुन-चैत्रापर्यंत पाणी टिकते, त्याने दहा गुंठे भेंडी केली तर दिवसाआड चार पैसे हाती येतात आणि पेरणीच्या तोंडी सावकाराच्या ओट्यावर बसण्याची वेळ टळू शकते. आमचे भांडण भेंडीशी नाही. भेंडी ज्या पद्धतीने लावली जाते आहे, त्या पद्धतीशी आहे.

गेल्या काही हंगामांत गावोगावच्या बैठकांत आम्ही जे ऐकले ते थोडक्यात असे. शेतकरी कपाशीच्या धुऱ्याला लागूनच भेंडीचा तुकडा टाकतो. कपाशीला मारलेले औषध पंपात उरलेले असते, तेच जाता जाता भेंडीवर मारतो. दुसऱ्या दिवशी सकाळी घरची बाई तोडा करते आणि टोपले बाजारात जाते. राहिलेली जाड भेंडी घरच्या कढईत पडते. यात कोणाचा वाईट हेतू नाही. आपण तीस-चाळीस वर्षे कपाशी केली, हाताला कपाशीचे वळण पडले, त्याच वळणाने भेंडी चालली. पण ही दोन पिके दिसायला जितकी जवळची, तितकीच वागायला वेगळी आहेत. हा फरक ज्याला कळला त्याला भेंडी चार पैसे देईल. ज्याला कळला नाही त्याची कपाशीही ती बिघडवील.

आधी नाते पाहू. देशी कपाशीचे फूल खुडून भेंडीच्या फुलाशेजारी धरा. पाकळ्या तशाच पिवळ्या, बुडाशी तसाच तांबडा-जांभळा डाग, मधोमध तसाच केसरांचा दांडा. जास्वंद, अंबाडी, कपाशी आणि भेंडी ही सगळी एका कुळातली लेकरे. विदर्भात आणि मराठवाड्यात बायका पूर्वीपासून कपाशीच्या नाहीतर ज्वारीच्या तासात मूठभर भेंडी, गवार, अंबाडी टोकत आल्या. त्याची नोंद कोणत्या सातबाऱ्यावर झाली नाही, पण श्रावण-भाद्रपदातले कालवण त्यावरच निघाले.

भेंडी मूळची आफ्रिकेची की आपल्याकडची, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. आपल्या काळ्या रानात धुऱ्यावर, पडीक तुकड्यावर जी रानभेंडी आपोआप उगवते, ती तिच्या नात्यातली आहे. १९५०च्या दशकात आपल्या देशातल्या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या पेशी तपासल्या, तेव्हा उत्तर भारतातल्या एका रानटी जातीशी तिचे जवळचे नाते निघाले. ती जात आणि रानभेंडी यांच्या मिलाफातून खाण्याची भेंडी झाली असावी, असे अनेकजण मानतात. म्हणजे जिला आपण तण म्हणून उपटून फेकतो, ती कदाचित या पिकाची आजी असेल. उसाच्या पट्ट्यात या रानभेंडीला अजून मान आहे. गुऱ्हाळावर तिचा चिकट रस उकळत्या रसात सोडतात, त्याला मळी चिकटून वर येते आणि गूळ स्वच्छ निघतो.

कूळ एक म्हणून पाहुणेही एकच. तुडतुडे, मावा, पांढरी माशी ही रस शोषणारी फौज कपाशीची पाने जून झाली की कोवळ्या भेंडीवर उतरते. ठिपक्यांची बोंडअळी तर दोघींचा सारखाच समाचार घेते. सरकारी पत्रकात तिला दोन नावे आहेत. कपाशीवर असली की ठिपक्यांची बोंडअळी, भेंडीवर असली की शेंडा व फळ पोखरणारी अळी. शेतकऱ्याला वाटते किडी दोन आहेत, म्हणून औषधेही दोन घ्यावीत. दुकानदाराची काही तक्रार नसते. अळी मात्र एकच. पीक लहान असताना ती शेंड्यात शिरते, शेंडा मान टाकतो. फळे लागली की फळात शिरते.

२००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि ही ठिपक्यांची अळी कपाशीत बरीच कमी झाली. तरण्या पोरांनी ती कपाशीत पाहिलीही नसेल. म्हणून ती गेली असे समजू नका. बाजारात मिळणाऱ्या कोणत्याही भेंडीत बीटी नाही, तेव्हा तिचे बस्तान आता भेंडीत आहे. गुलाबी बोंडअळीचे खरे घर कपाशीच. पण कपाशी उपटल्यावरच्या रिकाम्या महिन्यांत ती भेंडीवरही तग धरू शकते. २०१७ साली गुलाबी अळीने आपल्या बोंडांची काय गत केली ते कोणाला सांगायला नको. फरदड घेऊ नका, पऱ्हाटीचे ढीग बांधावर रचू नका असे आपण एकमेकांना बजावतो, आणि त्याच रानाच्या कडेला उन्हाळाभर जून झालेली, तोडा बंद केलेली भेंडी उभी ठेवतो. एका दाराला कडी लावून दुसरे सताड उघडे ठेवण्याचा हा प्रकार आहे.

इथे कोणी विचारील की विद्यापीठाचीच शिफारस होती ना, कपाशीच्या कडेने भेंडीची ओळ लावा म्हणून? होती, आणि ती चुकीचीही नव्हती. अळीला भेंडी जास्त आवडते, ती आधी तिकडे जाते, म्हणून भेंडी हे सापळा पीक. पण सापळ्यात उंदीर सापडल्यावर तो बाहेर काढून मारावा लागतो. दर दोन-तीन दिवसांनी किडकी फळे आणि मान टाकलेले शेंडे तोडून जाळणारा किंवा पुरणारा माणूस असेल तरच तो सापळा. नसेल तर आपण आपल्या खर्चाने अळीची बाळंतखोली बांधली. शिफारशीच्या पत्रकात सापळा हा शब्द मोठ्या अक्षरात असतो, फळे तोडून जाळण्याची ओळ बारीक असते.

आता रोगाचे. भेंडीला सगळ्यात मोठी भीती हळद्याची. कोणी त्याला केवडा म्हणतात, शास्त्रातले लोक पिवळ्या शिरांचा मोझॅक म्हणतात. पानाच्या शिरा पिवळ्या पडतात, जाळीसारखे दिसू लागते, मग सगळे पान पिवळे होते. फळे आखूड, फिकट आणि कडक निघतात, बाजारात कोणी हात लावत नाही. हा रोग आपल्याच मुलखात पहिल्यांदा नोंदला गेला. १९२४ साली त्यावेळच्या मुंबई इलाख्यात कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांनी त्याची नोंद केली. तो विषाणूमुळे होतो आणि पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेते, हे पुढे सिद्ध झाले. उगवल्यापासून पहिल्या वीस दिवसांत लागण झाली तर पीक गेल्यातच जमा. दोन महिन्यांनी झाली तरी निम्म्याच्या आसपास फटका बसतो. औषधाने हा रोग बरा होत नाही. ज्या दुकानात हळद्याचे औषध म्हणून बाटली देतात, त्या दुकानाची पायरी पुन्हा चढू नये.

यातली मेख नीट समजून घ्या. हळद्याचा विषाणू कपाशीतून येत नाही, पण माशी कपाशीत पोसली जाते. अळीसाठी म्हणून कपाशीवर जालीम औषधांचे हात मारत गेले की माशी खाणारे मित्रकीटक मरतात आणि पांढरी माशी उलट फोफावते, हा अनुभव आपण सगळ्यांनी घेतला आहे. ती फौज शेजारच्या भेंडीवर उतरते. तेव्हा भेंडीचा तुकडा कपाशीपासून जेवढा लांब टाकता येईल तेवढा टाका, आणि मधे ज्वारी येऊ द्या. पांढरी माशी, तुडतुडे, ठिपक्यांची अळी यांना ज्वारीत काही मिळत नाही. भेंडीच्या चहूबाजूंनी ज्वारीच्या किंवा मक्याच्या तीन-चार दाट ओळी भेंडीच्या आधी पंधरा दिवस पेरल्या तर माशीला आडोसा होतो, वर कडबाही मिळतो. ज्वारीला मागास पीक म्हणून हिणवणाऱ्यांनी तिचे हे राखणदारीचे काम लक्षात घ्यावे. कपाशी निघालेल्या रानात लगेच भेंडी करू नका. ज्वारीच्या पाठीवर करा.

हळद्याशी झालेल्या लढाईची कहाणी प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असायला हवी, कारण त्यात आपल्या परभणीचा मोठा वाटा आहे. स्वातंत्र्यानंतर दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत हरभजन सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुसा सावनी हा वाण काढला. पावसाळ्यात टिकतो म्हणून नाव सावनी. काही वर्षे त्याने देश जिंकला. मग विषाणू त्याच्यावर मात करू लागला आणि ऐंशीच्या दशकापर्यंत पुसा सावनीची शेतेच्या शेते पिवळी दिसू लागली. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी भेंडीच्या एका रानटी बहिणीकडे मोर्चा वळवला. तिच्यात रोगाला दाद न देण्याचा गुण होता, पण फळ खाण्यालायक नव्हते. त्यांनी तिचा पुसा सावनीशी संकर केला, मग पुन्हा पुन्हा पुसा सावनीकडे परतवला, पिढ्यामागून पिढ्या निवड केली. त्यातून ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर परभणी क्रांती हा वाण बाहेर आला. बंगळूरच्या बागायती संशोधन संस्थेने असाच रानटी जातीचा उपयोग करून अर्का अनामिका काढला.

यातली एक गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. परभणी क्रांती हा सरळ वाण आहे. एकदा बी आणले की पुढच्या वर्षी घरचे धरता येते. सार्वजनिक पैशातून, आपल्याच विद्यापीठात, आपल्याच रोगावर काढलेला आणि शेतकऱ्याला दरवर्षी दुकानाच्या दारात उभे न करणारा हा वाण आहे. आज त्याच्यावरही बऱ्याच ठिकाणी हळद्या दिसतो, हे खरे आहे. विषाणू बदलतो, वाण म्हातारा होतो, त्यात नवल नाही. नवल याचे की म्हाताऱ्या वाणाच्या जागी तेवढ्याच तोलाचे नवे सरळ वाण तालुक्याच्या दुकानापर्यंत का पोचत नाहीत. विद्यापीठे वाण काढतात, त्यांची नावे दैनंदिनीत छापतात, आणि शेतकरी मागायला गेला की बी शिल्लक नसते. दुकानात मिळतात त्या संकरित बियांच्या रंगीत पुड्या. संकरित वाण वाईट असतात असे आमचे म्हणणे नाही. चांगले असतील तर शेतकऱ्याने ते जरूर घ्यावेत, कोणी आडवे येऊ नये. पण त्यांचे बी घरी धरले तर पुढची पिढी सारखी येत नाही, आणि निवड करायची तर दुसरी वस्तूही फळीवर असली पाहिजे.

घरचे बी धरायला काही मोठी विद्या लागत नाही. भेंडी बहुतांशी स्वतःच फळते, पण मधमाश्या थोडाफार परका पराग आणतातच. म्हणून दुसऱ्या वाणाची भेंडी निदान दोनशे मीटर लांब असावी. रानात निरोगी, बुटक्या पेऱ्यांची, लवकर फळणारी पन्नास-साठ झाडे निवडून त्यांना चिंध्या बांधा. त्या झाडांचा तोडा करू नका. हळद्याचे एकही पान दिसले तर चिंधी सोडा आणि झाड उपटा. फळे वाळून धारांवर तडकू लागायच्या बेतात काढा, सावलीत मळा, दोन-तीन दिवस ऊन द्या, राखेत घालून डब्यात ठेवा. एका किलोत पंधरा हजारांच्या आसपास बिया बसतात आणि दहा गुंठ्यांना तेवढे बी पुरते. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि ब्रँडचे नाव न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. कायद्याचे बरेचसे कागद आपल्या विरोधात असतात. हा एक आपल्या बाजूचा आहे, तो वापरा.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. कपाशीवर औषध मारल्यापासून बोंड फुटून कापूस घरात येईपर्यंत आठवडे जातात आणि कापूस कोणी खात नाही. भेंडीचा हिशेब निराळा आहे. आज सकाळी जे फूल उमलले ते संध्याकाळी मिटते, आणि पाच-सहा दिवसांत त्याची भेंडी तोडायला येते. तोडा दिवसाआड असतो. आता औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे वाचा, नाहीतर शाळेत जाणाऱ्या पोराकडून वाचून घ्या. फवारणीनंतर किती दिवस तोडणी करू नये ते तिथे लिहिलेले असते. समजा सात दिवस लिहिले आहे. म्हणजे त्या सात दिवसांतले तीन तोडे बाजारात न नेता फेकायचे. कोण फेकतो? कोणीच फेकत नाही. ज्या फळावर औषध पडले तेच फळ परवा टोपल्यात असते. ते शहरातला ग्राहक खातो, आठवडी बाजारातला आपलाच सोयरा खातो आणि सगळ्यात आधी आपली लेकरे खातात.

मोनोक्रोटोफॉस हे कपाशीवरचे आपले जुने ओळखीचे औषध. भाजीपाल्यावर ते मारण्यास २००५ पासून कायद्याने मनाई झाली होती, तरी कपाशीच्या नावाने घरात आलेली बाटली भेंडीवर रिकामी होत राहिली. शेवटी २०२३ मध्ये केंद्र सरकारने त्या ३६ टक्क्यांच्या औषधावरच बंदीचा आदेश काढला. २०१७ च्या पावसाळ्यात एकट्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त माणसे गेली आणि शेकडो दवाखान्यात पडली. जे विष अंगावर उडाल्याने उभी माणसे मेली, ते पोटात घालायचे नाही एवढे समजायला कोणत्या प्रयोगशाळेची गरज नाही. प्रयोगशाळेची गरज दुसऱ्या कारणासाठी आहे. आपली भेंडी आखाती देशांत जाते, युरोपात जाते. युरोपच्या बंदरांवर भारतातल्या भेंडीची औषधांच्या अंशासाठी जादा तपासणी लावली गेली आहे. माल तिथे अडला की इथला व्यापारी भाव पाडतो, आणि ज्याने जपून पिकवले त्यालाही तोच भाव मिळतो. आपला माल स्वच्छ आहे हे दाखवायचे साधन शेतकऱ्याच्या हाती नाही. तालुक्याला माती तपासायची सोय होऊ शकते तर भाजी तपासायची का होऊ नये?

मग किडीचे करायचे काय? पहिले वीस-पंचवीस दिवस, फूल लागण्याआधी, काय ती काळजी घ्या. पिवळे चिकट सापळे लावा. हळद्याचे पहिले झाड दिसताच उपटून पुरा, पाच-दहा झाडांचा मोह धरू नका. पाच किलो निंबोळ्या कुटून दहा लिटर पाण्यात रात्रभर भिजत घाला, सकाळी गाळून शंभर लिटर करा आणि संध्याकाळी फवारा. अळी मोठी झाल्यावर याचा उपयोग होत नाही, अंडी आणि बारीक अळी असताना होतो. म्हणून रानात रोज फेरी हवी. आणि तोडा करताना बाईच्या कमरेला दुसरी पिशवी हवी. एका पिशवीत चांगली भेंडी, दुसरीत किडकी. किडकी भेंडी झाडाखाली टाकायची नाही, बांधावर तर नाहीच. एवढ्यानेही जमले नाही आणि औषध मारावेच लागले, तर भेंडीसाठी शिफारस असलेले, थोड्या दिवसांच्या मुदतीचे घ्या, आधी सगळा तोडा करून घ्या, मग फवारा आणि बाटलीवरचे दिवस पाळा. भेंडीचा पंपही वेगळा असू द्या. ज्वारीत किंवा धुऱ्यावर तणासाठी टू-फोर-डी मारलेला पंप कितीही धुतला तरी भेंडी आणि कपाशी दोघींना तो लागतो. पाने अरुंद आणि वेडीवाकडी होतात, आणि शेतकरी नवा रोग आला म्हणून दुकानात धावतो.

पाण्याबद्दल आम्ही कोणाला भुलवणार नाही. भेंडी ऊन सोसते म्हणून ती कोरडवाहू आहे असे नव्हे. उन्हाळ्यात तिला पाच-सात दिवसांनी पाणी लागते. दहा गुंठ्यांवर दोन इंच पाणी द्यायचे म्हणजे पन्नास हजार लिटर, दहा हजार लिटरचे पाच टँकर. अशा पंधरा तरी पाळ्या होतात. ठिबक असेल तर बरीच बचत होईल, पण विहिरीचा तळ संक्रांतीलाच दिसत असेल तर उन्हाळी भेंडीच्या वाटेला जाऊ नका. खरिपात जूनच्या पावसावर टोका. काळ्या रानात पाणी साचले की मुळे गुदमरतात, तेव्हा सरीच्या वरंब्यावर लावा. उन्हाळी भेंडीला घाई करून थंडीत बी टाकले तर ते कुजते, कारण गारठ्यात हे बी उगवत नाही. संक्रांतीनंतर रात्री उबदार होऊ लागल्या की रात्रभर भिजवून टोकायचे. दोन ओळींत दीड फूट, दोन झाडांत अर्धा फूट. चाळीस-पंचेचाळीस दिवसांत फूल दिसते.

आणि मग खरी परीक्षा सुरू होते. कापसाची वेचणी दोन दिवस पुढे गेली तर फारसे बिघडत नाही. भेंडीचा तोडा एक दिवस चुकला की फळ जून होते, चाकूने कापत नाही, आणि झाडाची ताकद बियांत जाऊन नवी फुले कमी येतात. दहा गुंठ्यांत चांगले पीक म्हणजे सगळ्या हंगामात दहा क्विंटलच्या आसपास. वीस तोडे धरले तर तोड्याला पन्नास किलो. लग्न असो, मयत असो, वीज रात्री येवो की दिवसा, दिवसाआड पहाटे कोणीतरी रानात वाकलेले पाहिजे. हे कोणीतरी म्हणजे घरची बाई, हे आपण सगळे जाणतो. भेंडीची लव हाताला लागून रात्रभर खाज सुटते. हाताला जुने कापड गुंडाळून, तेल लावून तोडा करावा लागतो. उत्पादन खर्चाचा तक्ता मांडताना बियाणे, खत, औषध, गाडीभाडे सगळे लिहिले जाते आणि ही पहाट लिहायची राहते. सरकारने आमच्या घामाचा हिशेब धरला नाही म्हणून आपण रस्त्यावर आलो. आपल्याच घरातला घाम आपण हिशेबात धरणार की नाही? कापसाची पट्टी पुरुषाच्या खिशात येते हा रिवाज आहे. भेंडीचे टोपले आठवडी बाजारात बाईच विकते, तेव्हा तो पैसा तिच्याच हाती राहू द्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बाजाराचे सांगायचे तर कापसाच्या बाबतीत १९७२ पासून तीसएक वर्षे एकाधिकार खरेदी आपल्या मानेवर होती. एकच गिऱ्हाईक, आणि तेही सरकारी. भेंडीला गिऱ्हाइके शंभर आहेत, पण हमी भाव नाही आणि थांबण्याची सोय नाही. कापूस घरात रचून भावाची वाट पाहता येते. भेंडीची वाट संध्याकाळपर्यंतच. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा केला आणि आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची असे ठरले. ती चांगली गोष्ट झाली. पण पट्टी घरी आल्यावर वाचायची सवय लावा. आडत गेली तरी दुसऱ्या कुठल्या नावाने कापणी झालेली असते. सूट, नमुना, तूट ही तिचीच भावंडे. तोडणीची मजुरी, गाडीभाडे, हमाली, तोलाई यांची बेरीज त्या दिवशीच्या भावाने भागा. जेवढे किलो येतील तेवढे किलो तुमचे नव्हेतच. पन्नासपैकी चाळीस किलो त्यातच जात असतील तर त्या दिवशी माल गाडीत न घालता शेजारच्या दोन गावांत टोपल्याने विकलेला बरा. आणि भाव अगदीच मेला तरी तोडा थांबवू नका. तोडून जनावरांना घाला. झाडावर राहिलेली भेंडी पुढच्या कपाशीला भोवते.

दहा गुंठ्यांच्या वर जाऊ नका, असे आम्ही सांगतो ते याच हिशेबाने. दोन माणसे पहाटे जेवढे तोडू शकतात, विहीर जेवढे पाणी देऊ शकते आणि आसपासचे बाजार जेवढा माल पचवू शकतात, तेवढीच भेंडी. गावात दहा घरांनी करायची असेल तर सगळ्यांनी एका आठवड्यात टोकू नये, पंधरा-पंधरा दिवसांचे अंतर ठेवावे. नाहीतर आपणच आपला भाव पाडू.

येत्या जिल्हा बैठकीत या विषयाला तासभर ठेवला आहे. विद्यापीठाकडे सरळ वाणांचे बी तालुक्याला आणि वेळेवर मागायचे, औषधाच्या बाटलीवर तोडणीचे दिवस मराठीत आणि डोळ्यांना दिसतील एवढ्या अक्षरांत छापायला लावायचे, भाजीतले औषधाचे अंश तपासण्याची सोय जिल्ह्यात मागायची, असे तीन ठराव मांडायचे आहेत. कोणाला भर घालायची असेल त्याने आधी लिहून पाठवावे. ज्यांच्या घरी जुन्या भेंडीचे राखलेले बी आहे त्यांनी मूठभर पुडी बांधून आणावी. वरती गावाचे नाव, काट्याची की बिनकाट्याची, आणि हळद्या किती लागतो एवढे लिहावे. या बैठकीला बायकांनी यावे, कारण तोडा कोण करतो हे वर लिहिलेच आहे. बैठक दुपारी एकला ठेवली आहे, म्हणजे सकाळचा तोडा आटपून येता येईल.